नखभर जागा

भाकरी थापणाऱ्या हाताला नखं ठेवून चालत नाही. पीठ मळताना ती भरतात, आणि थापताना नख रुतलं की भाकरीला भोक पडतं. मग ती तव्यावर फुगायचं नाव घेत नाही. पाटण तालुक्यात त्यात भातलावणीचा चिखल आणि नाचणीची भांगलण. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं म्हणतात. इथं ते वाढायच्या आधीच झिजतं.

अशा बोटांना लग्नसराईत फ्रेंच मॅनिक्युअर हवं असतं. नवरीला हवं, करवलीला हवं, आणि ‘माझं काय गं, मी आपली अशीच’ म्हणत सोबतीला आलेल्या मामींना तर सगळ्यांत आधी हवं.

“मामी, नखंच न्हाईत की ओ. रेघ मारू कुठं?” पार्लरवाली विचारते.

मामी न बोलता मोबाइलमधला फोटो पुढे करतात. फोटोतल्या बाईच्या घरी परात नसावी.

हा प्रकार हॉलिवूडच्या आसपास जन्मला. ‘ऑर्ली’ कंपनीचे संस्थापक जेफ पिंक यांनी १९७५ च्या सुमारास तो रूढ केला. नट्या प्रसंगागणिक कपडे बदलायच्या, प्रत्येक कपड्याला जुळणारा नखांचा रंग हवा, आणि तेवढा वेळ चित्रीकरण खोळंबायचं. पिंक यांनी कशावरही खपेल असा तोडगा काढला: खाली फिकट गुलाबी, टोकाला पांढरं. पुढे ही नखं पॅरिसच्या फॅशन शोमध्ये मिरवली आणि फ्रेंच होऊन परत आली. हळदीला पिवळी, अक्षतांना हिरवी आणि वरातीला आणखी तिसरीच साडी नेसणाऱ्या मामींची अडचण याहून वेगळी नाही. त्यांचा हट्ट अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही.

खरी परीक्षा पुढे असते. आखूड नखावर पांढरी पट्टी जाड झाली की कऱ्हाड-चिपळूण रस्त्याच्या कडेला मारलेल्या पट्ट्यासारखी दिसते, आणि नख होतं त्याहून बुटकं वाटतं. म्हणून रेघ मिलिमीटरभर, जमल्यास त्याहूनही बारीक. झगझगीत पांढऱ्यापेक्षा दुधी रंग बरा. नखाला आधी कानशीनं थोडी गोलाई द्यायची, बुडाची कातडी हलकेच मागे सारायची, मग गुलाबी रंगाचे दोन पातळ हात. रेघ मारताना बारीक ब्रश स्थिर धरायचा आणि बोट फिरवायचं. बाजारातल्या चिकटपट्ट्यांची वळणं बहुधा ऐसपैस नखांसाठी असतात. मामींच्या करंगळीवर पट्टी लावली तर नख कमी आणि पट्टीच जास्त दिसते. रेघ हललीच तर रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या ब्रशनं कड साफ करता येते. ही दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या नकळत करणं, यातच निम्मी कला आहे असं आमचं मत.

शेवटचा पारदर्शक हात टोकाच्या कडेवरूनही फिरवावा लागतो, नाहीतर रंग तिथूनच सुटतो. साधं नेलपॉलिश सुकेपर्यंत हात पंख्याखाली पसरून बसायचं. मामींना हे मंजूर नसतं. त्यांना जेल हवं, कारण ते दिव्याखाली मिनिटभरात घट्ट होतं आणि भांडी घासली तरी टिकतं, असं त्यांच्या जावेनं सांगितलेलं असतं.

दिवा कितीसा, ४८ वॅटचा. कोयना धरण याच तालुक्यात, आणि त्याच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. पण वळवाचा पाऊस सुटतो, वारा उठतो आणि नेमकी उजव्या हाताची तीन बोटं दिव्याखाली असताना लाइट जाते. मामींचा फोन वाजायला लागतो. ओल्या बोटांनी तो घेता येत नाही. करवली तो त्यांच्या कानाला लावते. पलीकडून कुणीतरी विचारतं, रुखवताच्या करंज्या कुठं ठेवल्यात?

“फडताळात, वरच्या डब्यात,” मामी सांगतात आणि खिडकीच्या उजेडाकडे खुर्ची सरकवून घेतात. “लाइट येईस्तोवर पायाच्या बोटांवर साधीच रेघ मारून टाक गं. तिथं तरी नखं हायत.”