मुद्देमाल तेवीस लिटर

घरी बिअर करणं हा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी केलेली नाही. ते भांडी घासणं आहे. बादली घासा, झाकण घासा, नळी घासा, नळीच्या आत ब्रश घालून घासा, ढवळायचा चमचा घासा. आणि एवढं झालं की सगळं पुन्हा जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवा. मधे कुठेतरी वीसेक मिनिटं बिअर करायची असते. ती झाली की परत घासायला बसायचं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की लग्नानंतर मी सिंकपाशी एवढा वेळ पहिल्यांदाच उभा राहिलो, आणि तरी घरातलं एकही भांडं घासलं गेलं नाही.

आम्ही राहतो इंग्लंडात, डर्बीला. इथून बर्टन-अपॉन-ट्रेंट मोटारीने अर्ध्या तासावर. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम मुरलेलं असतं आणि त्या पाण्याची बिअर एकोणिसाव्या शतकात जगभर गाजली. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांची तहान भागवायला पिंपं भरभरून गेलेली ‘इंडिया पेल एल’ सुरुवातीला लंडनहून जाई. पुढे बर्टनवाल्यांनी तो धंदा आपल्याकडे खेचला. अशा गावाच्या शेजारी राहून स्वयंपाकघरातल्या नळाखाली बिअर करायला निघणं याला काही एक निर्लज्जपणा लागतो. तो किटवाले वीस-पंचवीस पौंडांत पुरवतात.

किट म्हणजे मुख्यतः एक डबा. त्यात दीड-पावणेदोन किलो मॉल्टचा अर्क, काळसर, घट्ट, चमच्याला धरला की न सोडणारा. झाकणाखाली यीस्टची पुडी आणि घडी घातलेला कागद. बार्लीला मोड आणणं, ती वाळवणं, भरडणं, गरम पाण्यात ठेवून तिच्यातली साखर उतरवणं, हॉप्स घालून उकळणं आणि शेवटी आटवणं, ही जी काही अक्कल लागणारी कामं आहेत ती कारखान्यात उरकलेली असतात. आपण डबा उघडायचा, गरम पाण्यात ढवळायचा, किलोभर साखर घालायची, बादलीवरच्या २३ लिटरच्या खुणेपर्यंत गार पाणी ओतायचं आणि वर यीस्ट भुरभुरायचं. यानंतर येईल त्या पाहुण्याला ‘मी केली’ म्हणून सांगायला आपण मोकळे.

हे सगळं कायदेशीर आहे, आणि ही गोष्ट मला घरातच पुराव्यानिशी सिद्ध करावी लागली, कारण त्या उन्हाळ्यात अण्णा आणि माई आमच्याकडे आले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. राज्य उत्पादन शुल्क खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त. सगळी नोकरी ठाणे-रायगडच्या खाड्यांत. तिवरांच्या चिखलात गुडघाभर उभं राहून हातभट्ट्या उद्ध्वस्त करायच्या, पुरलेली पिंपं वर काढायची, गुळाचं आणि नवसागराचं रसायन जागेवर ओतून द्यायचं, पंचनामा करायचा आणि पहाटे घरी येऊन बूट दाराबाहेर काढायचे. बायको सांगते, तिच्या लहानपणी बाबांच्या कपड्यांना कायम दारूचा वास यायचा आणि आळीत कुणालाही खरं कारण पटायचं नाही. स्वतः अण्णांनी थेंबाला स्पर्श केलेला नव्हता.

इंग्रजांच्या जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. टाकीच्या उबेवर त्यात टॉवेल आणि चादरी वाळत ठेवायच्या, अशी मूळ कल्पना. पण यीस्टला अठरा ते बावीस अंशांची ऊब लागते आणि इंग्लंडातल्या घरात ती हमखास मिळेल अशी दुसरी जागा नाही. त्यामुळे इथल्या किती तरी घरांत चादरींच्या मागे एक बादली बुडबुडे सोडत बसलेली असते. आमची बादली माईंच्या साड्यांच्या मागे होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा जिन्यात थबकले. मान वर केली. एक पायरी चढले, पुन्हा थांबले.

“जावईबापू, वास येतोय.”

“कसला?”

“ते तुम्ही सांगायचं.”

मी काही सांगायच्या आत त्यांनी कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या आणि बादलीकडे असं पाहिलं, जसं वर्षानुवर्षं न भेटलेल्या माणसाकडे पाहतात.

“हे रसायन आहे.”

“बिअर आहे, अण्णा.”

“तयार होईपर्यंत रसायनच. किती?”

“तेवीस लिटर.”

“परवाना?”

“लागत नाही.”

अण्णा जिन्यातच बसले. मी त्यांना समजावलं. १८८० साली ग्लॅडस्टनने मॉल्टवरचा कर काढून बिअरवर बसवला, तेव्हा घरी करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने ती अट काढून टाकली. विकायची नाही आणि भट्टी लावून ऊर्ध्वपातन करायचं नाही, या दोन गोष्टी पाळल्या की घरात हवी तेवढी बिअर आणि वाईन करा, सरकार विचारत नाही. सत्तरच्या दशकात तर बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांत किटं मिळत. खोकल्याचं औषध आणि बिअर एकाच पिशवीतून घरी यायची. इंग्रज त्या काळात कशाचीही वाईन करत. पार्सनिपची, डँडेलियनची. ‘द गुड लाइफ’ नावाच्या टीव्ही मालिकेतला नायक तर वाटाण्याच्या शेंगांची वाईन करी, तिला बर्गंडी म्हणे, आणि पाहुण्यांना पाजी. (ही मालिका मी पाहिली आहे. पाहुण्यांची तोंडं पाहण्यासारखी असत.)

“अमेरिकेत?” अण्णांनी शेवटची आशा म्हणून विचारलं.

“१९७८ साली कार्टरने सही केली. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती.”

“चांगले लोक असतील,” अण्णा म्हणाले. मग जरा वेळाने, “पावती आहे?”

पावती होती. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली. वीस टक्के व्हॅट भरलेला पाहून त्यांचा चेहरा थोडा निवळला. सरकारला पैसे पोचले म्हणजे मामला अगदीच हाताबाहेर गेलेला नाही.

त्या दिवसापासून बादली माझी राहिली नाही. अण्णांनी जुन्या डायरीत रकाने आखले : दिनांक, वेळ, तापमान, बुडबुडे. झाकणावर एअरलॉक नावाची पाण्याने भरलेली वाकडी नळी असते. आतला वायू तिच्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. तो बाहेर पडताना ‘ग्लुप’ असा आवाज होतो. अण्णा कपाटासमोर खुर्ची टाकून, हातात घड्याळ धरून मिनिटाचे ग्लुप मोजत. दुपारी मी कामाच्या फोनवर असताना जिन्यातून आवाज यायचा, “वेग मंदावलाय हो!” पलीकडचे लोक विचारायचे, कोणता प्रकल्प?

पण खरी बहार आली ती हायड्रोमीटर काढल्यावर. मॉल्टच्या पाण्यात सोडायची ही काचेची कांडी. साखर जास्त असेल तेव्हा ती वर तरंगते. यीस्टने साखर खाऊन तिचा अल्कोहोल केला की खाली जाते. सुरुवातीला १.०४०, शेवटी १.०१० असा आकडा आला, की वजाबाकी करून साधारण १३१ ने गुणायचं. उत्तर ३.९, म्हणजे जवळजवळ चार टक्के. हे मी कागदावर वाचत होतो. अण्णांनी वाचलं नाही. त्यांनी कांडी हातात घेतली, दोन बोटांत फिरवून तिला चिकटलेले बुडबुडे झटकले, खाली वाकून डोळा द्रवाच्या पातळीला आणला आणि आकडा सांगितला. हे यंत्र त्यांच्या नोकरीतलं. साइक्स नावाच्या इंग्रजाचा हायड्रोमीटर १८१६ च्या कायद्याने इंग्लंडच्या अबकारी खात्यात आला आणि साम्राज्याबरोबर आपल्याकडे उतरला. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर ‘२५ अंडर प्रूफ, ४२.८ टक्के’ असं जे छापलेलं लोक वाचत नाहीत, ते त्याच हिशेबाचं. इंग्रजाने शिकवलेली विद्या डर्बीच्या स्वयंपाकघरात परत करताना अण्णा फार खुशीत होते.

“आज भरायची?” मी विचारलं.

“दोन दिवस लागोपाठ तोच आकडा आल्याशिवाय नाही. आत साखर शिल्लक राहिली तर बाटल्या फुटतील. आणि साड्या माईंच्या आहेत.”

माईंचा विषय निघालाच आहे तर वाईनचं सांगायला हवं. बिअर मला, म्हणून बायकोने स्वतःसाठी वाईनचं किट आणलं होतं : आटवलेला द्राक्षाचा रस, ओकच्या लाकडाच्या चिपा आणि क्रमांक घातलेल्या पुड्या. तीस बाटल्या होतात. माईंचा या प्रकाराला विरोध असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तसं काही नव्हतं. द्राक्षाचा रस आहे, आंबला तर आंबला, असं त्यांचं सरळ मत. उलट धुण्याचे नियम त्यांना आमच्या आधी समजले. जंतुनाशकातून काढलेल्या वस्तूला कोरड्या हाताचा स्पर्श झाला की ती पुन्हा बुडवायची, हे ऐकल्याबरोबर त्या म्हणाल्या, “सोवळं म्हणा की! मग एवढा मोठा कागद कशाला छापलाय?” आणि ओट्याचा ताबा घेतला. त्यानंतर मी नाक खाजवलं तरी हात धुवायला पाठवणी होत असे.

अडलं ते एका पुडीवर. वाईन नितळ व्हावी म्हणून तिच्यात काही तरी घालतात. पहिल्या पुडीत बेंटोनाइट, म्हणजे माती. माईंनी ती पास केली. दुसऱ्या पुडीवर आयसिंग्लास लिहिलं होतं.

“हे काय?”

बायको माझ्याकडे बघू लागली, मी खिडकीबाहेर. खातं मात्र खोटं बोलत नाही. अण्णा म्हणाले, “माशाच्या पोटातली हवेची पिशवी. आपल्याकडे घोळीचं बोत निघतं ना, त्यातलाच प्रकार. पालघरकडे घोळीची जाळी लागली की कोळ्याचं नशीब उघडतं, ते त्या पिशवीमुळे. वाळवून परदेशात जाते.”

चातुर्मास सुरू होता. माईंनी पुडी चिमट्याने उचलून खिडकीत ठेवली. मी घाईघाईने सांगितलं की दुसरी एक पुडी मिळते, कायटोसानची. ती कशाची, असं त्यांनी विचारलं. ती कोळंबीच्या सालांची असते. हे सांगून झाल्यावर मला कळलं की सांगायला नको होतं.

“काहीच घातलं नाही तर?”

“गाळ आपोआप खाली बसतो. फक्त महिने लागतात.”

“मग थांबा की. कुणाच्या घशाला कोरड पडलीय?”

वाईन थांबली. किटवाल्यांच्या कागदावर चार ते सहा आठवडे लिहिलेले असतात, पण त्यांनी माईंना गृहीत धरलेलं नसतं. आणि खरं सांगायचं तर ती वाईन पुढे काचेसारखी नितळ झाली. किटं घेणाऱ्या सगळ्यांनाच माझा सल्ला आहे, की पुड्या कमी वापरा आणि घरात एक माई ठेवा.

बिअरच्या बाबतीत मात्र आमच्यासमोर एक अडचण उभी राहिली, जी कोणत्याही डब्यावर छापत नाहीत. तेवीस लिटर बिअर भरायला अर्ध्या लिटरच्या चाळीसच्या वर बाटल्या लागतात. म्हणजे घरची बिअर पिण्यासाठी आधी बाजारातली चाळीस बाटल्या बिअर प्यावी लागते. इतकी पिणारा माणूस घरी कशाला करील, आणि घरी करणारा इतकी पिणार कधी? शेवटी आम्ही गल्लीतल्या पुनर्वापराच्या डब्यांकडे वळलो. कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्री मी आणि अण्णा विजेरी घेऊन निघालो. त्यांचा छाप्यांचा अनुभव इथे कामाला आला. कुठल्या घरात कसला माल असणार हे ते पडद्यांवरून सांगत. पारदर्शक काचेच्या बाटल्या त्यांनी बाद केल्या, कारण उजेड लागला की हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि बिअरला घाण वास येतो. फिरकीच्या झाकणाच्याही बाद, कारण त्यांवर आमचं बुचाचं यंत्र नीट बसत नाही. एका शेजाऱ्याने दार उघडून काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा अण्णांनी त्याला शुद्ध मराठीत “पंच म्हणून थांबा” असं सांगितलं. तो थांबला. निघताना त्याने घरातून आणखी सहा बाटल्या आणून दिल्या.

प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, वर बिअर, वर बूच. ही साखर उरलेलं यीस्ट बाटलीतच खातं आणि तिचा फेस होतो. दोन आठवडे उबेत, मग दोन-तीन आठवडे गारव्यात. एवढं थांबून पहिलं बूच उडवलं, फेस धड आला, रंगही बरा होता. चव किंचित डब्याची. पण आपण करताना चिडलेलो असतो, म्हणून ती बरी लागते.

अण्णा समोर बसून पाहत होते. मग घसा साफ करून म्हणाले, “नमुना घ्यावा लागेल. एकशे ऐंशी मिली.” सरकारी नमुना एवढाच असतो. माईंनी मोजून दिला. अण्णांनी तो रासायनिक विश्लेषणाच्या गांभीर्याने संपवला, डायरीत वेळ लिहिली आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र पुन्हा ग्लास पुढे केला. एका नमुन्यावर काढलेला निष्कर्ष कोर्टात टिकत नाही म्हणे.

आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो आणि घरी ती केली तर कलम ६५ लागतं. एवढं करून महाराष्ट्राने पिणं किती कमी केलं ते अण्णाच सांगू शकतील, आणि ते सांगत नाहीत. माझा अनुभव मात्र सांगतो. बाजारात बाटली विकत घेताना मी फारसा विचार करत नसे. आता फडताळातली एक बाटली उघडायची तर तिच्यासाठी घासलेली नळी आठवते, आणि प्यायल्यावर ती बाटली परत घासायची आहे हेही आठवतं. निम्म्या वेळा मी ताक पितो.

फडताळात अजून बरीच शिल्लक आहे. या बाजूला येणार असाल तर जरूर या, एखादी चाखा. विकत मात्र देता येत नाही, कायदा आहे. येताना रिकाम्या बाटल्या तेवढ्या आणा. तपकिरी काचेच्या, साध्या बुचाच्या, आणि कृपा करून घासलेल्या.