शापाला जकात नाही

महाराष्ट्रातल्या महापालिकांची जकात बंद झाली आणि नाक्यांवरची अनुभवी मंडळी रिकामी झाली. त्यांना अमेरिकेत इंडियाना राज्याच्या वेशीवर नेऊन बसवावं, असा आमचा प्रस्ताव आहे. तिथल्या राजकारणात बाहेरून येणाऱ्या मालाची नीट तपासणी होत नाही. परराज्यातला पैसा आला की बोंब उठते. परराज्यातले आशीर्वाद, उपदेश आणि शाप मात्र ट्रक भरभरून बिनपावतीचे आत जातात.

पीट बुटिजेज यांचंच बघा. इंडियानातल्या साउथ बेंड या लाखभर वस्तीच्या शहराचे हे महापौर २०१९ मध्ये थेट अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला निघाले. वय ३७. समलिंगी, विवाहित, आणि लग्न लागलं ते गावातल्याच एपिस्कोपल कथीड्रलमध्ये. वर पुन्हा भाविक! विरोधकांची पंचाईत झाली ती या शेवटच्या कलमामुळे. समलिंगी माणसाने कसं, मुकाट्याने नास्तिक असावं, म्हणजे त्याला नरकाचा रस्ता दाखवताना आपलं मन खात नाही. हा गृहस्थ मात्र वादसभेत किमान वेतनावर बोलता बोलता बायबलातलं वचन काढतो. त्यांचा स्वतःचा पक्षही जरा दचकलाच असावा, कारण देवाचं खातं पक्षाने बऱ्याच वर्षांपासून रिपब्लिकनांकडे सोपवून टाकलं होतं.

एप्रिल २०१९ मध्ये धर्मोपदेशक फ्रँकलिन ग्रॅहम यांनी ट्विटरवरून बुटिजेज यांना कळवलं, की समलैंगिकता हे पाप आहे आणि पापाचा पश्चात्ताप करायचा असतो, मिरवायचं नसतं. ग्रॅहम राहतात नॉर्थ कॅरोलिनात. हेच ग्रॅहम वर्षभरापूर्वी, ट्रम्प आणि पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांच्या प्रकरणाबद्दल विचारल्यावर, त्यात कुणी नाक खुपसायचं कारण नाही, असं म्हणाले होते. तीनदा बोहल्यावर चढलेल्या गृहस्थाचं खासगी आयुष्य खासगी, आणि एकदाच, तेही चर्चमध्ये लग्न केलेल्याचं सार्वजनिक! नाक्यावरचा आमचा माणूस असता तर त्याने एवढंच विचारलं असतं, की एकाच मालावर दोन दर कसे?

माइक पेन्स तर घरचेच. इंडियानाचे माजी राज्यपाल, तेव्हाचे उपाध्यक्ष. बुटिजेज यांनी त्यांना जाहीर सुनावलं, की मी जसा आहे त्याबद्दल तुमची तक्रार असेल तर ती माझ्याशी नाही, मला घडवणाऱ्याशी आहे. गंमत म्हणजे दोघांचाही बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमधला, आणि दोघेही ते चर्च सोडून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले. देव तोच, फक्त पत्ता बदललेला.

याच पेन्स यांनी २६ मार्च २०१५ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या नावाच्या कायद्यावर बंद दाराआड, भिक्षू आणि जोगिणींना शेजारी उभं करून सही केली. समलिंगी गिऱ्हाइकाला दुकानदाराने श्रद्धेचं कारण सांगून परत पाठवायची सोय त्यात झाली, असा टीकाकारांचा आक्षेप होता. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सेल्सफोर्स कंपनीने आपल्या लोकांचे इंडियानाचे दौरे रद्द केले, इतर कंपन्याही कुरकुरल्या, आणि आठवडाभरात, २ एप्रिलला, कायद्यात दुरुस्ती झाली. श्रद्धा अढळ असते हे खरंच आहे, पण हॉटेलांची बुकिंग रद्द होऊ लागली की तिलाही थोडं सरकून बसावं लागतं.

त्याच वर्षी जूनमध्ये बुटिजेज यांनी स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. नोव्हेंबरात महापौरपदाची निवडणूक झाली. त्यांना ८० टक्क्यांच्या आसपास मतं पडली. त्याआधी २०१० मध्ये, यातलं काही जाहीर नसताना, हेच गृहस्थ राज्याच्या खजिनदारपदासाठी उभे राहून दणकून आपटले होते. गुपित ठेवून हरले आणि सांगून जिंकले. निवडणूक-पंडितांनी यावर एखादा तक्ता काढावा.

आता पैसा. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला एका राज्याबाहेरून मदत येणारच, कारण उरलेली ४९ राज्यं बाहेरचीच असतात. २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीत बुटिजेज यांनी सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर जमवले. त्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात, दारूच्या तळघरात, स्फटिकांच्या झुंबराखाली त्यांच्यासाठी मेजवानी झाली, आणि उमेदवारीच्या शर्यतीतल्या प्रतिस्पर्धी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी वादसभेत त्या झुंबराचा यथेच्छ समाचार घेतला. बुटिजेज यांनी उलट विचारलं, की सिनेटच्या प्रचारात बड्या देणगीदारांकडून घेतलेले पैसे तुम्ही या प्रचारात वळवलेत, ते कुठे धुतलेत? रक्कम होती १ कोटी ४ लाख डॉलर. प्राथमिक फेरीसाठी एका माणसाने एका उमेदवाराला थेट २,८०० डॉलरच द्यावेत असा तेव्हा कायदा होता; ते तळघरात बसून द्यावेत की गच्चीवर, याबद्दल तो मौन पाळत होता.

कॅलिफोर्नियातून नुसता पैसाच आला असंही नाही. तिथे त्यांच्या निधी-सभेबाहेर ‘क्वीअर्स अगेन्स्ट पीट’ नावाच्या समलिंगी मंडळींनी निदर्शनं केली. एका टोकाला हा माणूस फार समलिंगी होता, दुसऱ्या टोकाला पुरेसा बंडखोर नव्हता. चर्चला जातो, टाय लावतो, लष्करात नोकरी करून आलाय. असा कुठे क्रांतिकारक असतो का?

३ फेब्रुवारी २०२० ला आयोवात पहिली फेरी झाली. तिथे एका बाईने बुटिजेज यांच्या नावाचं कार्ड भरून दिलं आणि मग तिला कळलं, की उमेदवाराचा जोडीदार पुरुष आहे. तिने कार्ड परत मागितलं. त्याने बायबल वाचावं, असंही ती म्हणाली. तो वाचतो, असं प्रचारकर्तीने शांतपणे सांगितलं. बाईची धोरणांबद्दल काही तक्रार नव्हती. ती पाच मिनिटांपूर्वी पसंतच होती.

प्रतिनिधींच्या हिशोबात बुटिजेज प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्या केसभर पुढे निघाले, पण ते कळायला दिवस लागले, कारण निकाल कळवायचं ॲप ऐन वेळी कोलमडलं. यात दैवी कोप शोधायला कुणाला फुरसत मिळाली नाही. ॲप बनवणाऱ्या कंपनीला बुटिजेज यांच्या प्रचारानेही पूर्वी दुसऱ्या एका कामाचे पैसे दिले होते, असं बाहेर आलं, आणि बायबल मिटवून सगळे पुन्हा पावत्या उलगडू लागले.