पृथ्वीवर पिन टोचण्याची शास्त्रोक्त पद्धत

१८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजायला घेतली आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात झाली. सोबत थिओडोलाइट नावाचे कोन मोजायचे अर्धा टन वजनाचे यंत्र होते. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून ते आपटले, तेव्हा साहेबाने स्वतः बसून ते दुरुस्त केले. आता हे सगळे काम अंगठ्यावर आले आहे. नकाशाचे ॲप उघडावे, पडद्यावर अंगठा दाबून धरावा, पिन पडते. देऊळ नको, दोर नको आणि मोजणी तर नकोच. या सोयीचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा याबद्दल मात्र सामान्य माणूस अजून चाचपडताना दिसतो. त्याच्यासाठी हे चार शब्द.

सर्वप्रथम, खूण कोणासाठी करायची याविषयी मनात संदेह नसावा. गावातल्या माणसाला नकाशा लागत नाही, त्याला सगळे ठाऊक असते. परगावच्या माणसाला लागतो, पण तो परगावचा असल्यामुळे त्याच्या सोयीचा विचार करण्याचे कारण नाही. उरलो आपण. खूण स्वतःसाठी करावी.

नवशिके लोक पाणपोईला पाणपोई म्हणतात, रिक्षा स्टँडला रिक्षा स्टँड म्हणतात आणि जन्मभर अनामिक राहतात. तुमची भाड्याची दोन खोल्यांची जागा असली तरी नकाशावर ती ‘राजे पॅलेस’ असावी. प्रकार विचारला की ‘राहते घर’ सांगू नये. ‘पर्यटनस्थळ’ किंवा ‘ऐतिहासिक वास्तू’ निवडावे. फोटो स्वतःचा, गॉगल घालून, मोटारसायकलसह. मग मावसभावाकडून पाच तारे घ्यावेत आणि ‘सहकुटुंब अवश्य भेट द्या’ असा अभिप्राय लिहून घ्यावा. कोपऱ्यावरच्या कट्ट्याला ‘भाईंचा दरबार’ ही दुसरी खूण करावी. दोन खुणा एकमेकींवर पडल्या तर नकाशा मोठा केल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत, म्हणून दुसरी जरा सरकवून रस्त्याच्या मधोमध टाकली तरी चालते.

जुन्या पुणेकरांना ही दृष्टी नव्हती. त्यांनी जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा अशी नावे ठेवली. मारुती पुष्कळ, त्यातला कुठला ते कळावे म्हणून शेजारच्या जिलबीची किंवा डोक्यावरच्या पत्र्याची माहिती नावातच बसवून टाकली. परिणामी अक्षरओळख नसलेला माणूसही एकदा विचारून नेमका पोहोचायचा आणि ज्याने खूण केली त्याचे नाव आज कोणालाही माहीत नाही. एवढे टिकाऊ काम आणि पदरात काय, तर काही नाही.

श्रेयाची अशीच आबाळ श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या वाट्याला आली. एकाच नावाची अनेक गावे आणि न लागणारे पत्ते यांवर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा आकडी पिन कोड सुरू झाला, तो त्यांनी योजला. संस्कृतात नाटके लिहिणारा माणूस, मनात आणते तर त्या आकड्यांत स्वतःला कुठेतरी बसवणे त्यांना अवघड नव्हते. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. त्यातला दहा अक्षरांचा एक संकेत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो, म्हणजे चाळीतल्या एका बिऱ्हाडाला एक डिजिपिन आणि गॅलरीच्या टोकाच्या संडासाला दुसरा. पण त्यात ‘पॅलेस’ लिहायला जागा ठेवलेली नाही. आपल्या उपयोगाचा नाही.

आता आकड्यांकडे येऊ. पृथ्वीवरची कोणतीही जागा दोन आकड्यांत मावते, अक्षांश आणि रेखांश. त्यांतला आधी कुठला लिहायचा यावर संगणकवाल्यांचे एकमत नाही, हे आपले भाग्य समजावे. पुष्कळ ॲप अक्षांश आधी मागतात. जिओजेसन नावाच्या फाइलीत रेखांश आधी असतो. ही अदलाबदल मन लावून केली तर शनिवारवाडा (अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६) नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटापासून पन्नास-साठ किलोमीटर दक्षिणेला, भर समुद्रात जातो. तिथे पार्किंगचा त्रास नाही. दोन्ही रकाने रिकामे सोडले तर काही ॲप त्यांचे शून्य-शून्य करतात आणि वाडा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात उतरतो. त्या जागी पूर्वी हवामान मोजणारा एक बोया सोडलेला होता, बाकी पाणी. पण जगभरच्या पत्ता हरवलेल्या खुणा तिथे इतक्या गोळा होतात की लोकांनी त्या नसलेल्या बेटाला ‘नल आयलंड’ असे नावही देऊन टाकले आहे.

अंश-मिनिटांचा मार्ग अधिक देशी. शनिवारवाड्याचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटे. एका अंशात मिनिटे साठ, म्हणून दशांशात त्याचे १८.५२ होतात. हा भागाकार टाळून सरळ १८.३१ लिहावे आणि रेखांशाच्या ७३ अंश ५१ मिनिटांचे ७३.५१ करावे. वाडा दिल्ली दरवाज्यासकट उचलला जातो आणि तोरणा-रायगडाच्या मधल्या डोंगरांत जाऊन बसतो. पेशव्यांची गादी छत्रपतींच्या राजधानीच्या इतकी जवळ परत नेणे इतिहासात कोणाला साधले नव्हते. एका टिंबाने साधते.

दशांशचिन्हानंतर किती आकडे लिहावेत, असे विचारतात. मिळतील तितके. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, त्यामुळे चौथा आकडा अकरा मीटरपर्यंत नेतो, सहावा अकरा सेंटिमीटरपर्यंत आणि आठवा मिलिमीटरपर्यंत. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या मैदानातसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे होतो. पेठेतल्या बोळात, जिथे सिग्नल एका इमारतीवरून दुसरीवर आपटत येतो, तिथे तुम्ही एका बोळात असता आणि तो शेजारच्या. तरी आठ आकडे दिसले की समोरचा वाद घालत नाही. वडापावच्या गाडीची जागा मिलिमीटरपर्यंत द्यावी. रात्री मालक गाडी ढकलत घरी नेतो, हा गाडीचा दोष.

इतकी तयारी झाल्यावर लोक तुम्हाला ‘लोकेशन पाठव’ म्हणू लागतील. इथे एक बारीक भेद आहे. मंगल कार्यालय नकाशात शोधून त्याचे ठिकाण पाठवता येते, किंवा ‘सध्याचे ठिकाण’ हे बटण दाबता येते. दुसरे सोपे. वधूच्या मामांनी चिंचवडच्या ऑफिसात बसून ते दाबावे. कार्यालय सातारा रस्त्यावर असले तरी निम्मे पाहुणे चिंचवडला जमतात.

‘मामा, आम्ही पोहोचलोय. पण वॉचमन म्हणतो आज सुट्टी आहे.’

‘अरे, तिथे कशाला गेलात? पत्रिका वाचली नाहीत का?’

हे उत्तर मामांनी आधीच पाठ करून ठेवावे. व्हॉट्सॲपवर हलते ठिकाणही पाठवता येते, पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास. आठ तास निवडावेत. मामा हार आणायला मंडईत गेले की पाहुणेही मागोमाग मंडईत जातात आणि सगळ्यांची भेट होते.

नकाशात रस्ता काढणे ही वरची इयत्ता. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप चांगला. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्टने तो सुरू केला आणि तो कोणालाही भरता येतो. त्यात पायवाटेपासून द्रुतगती मार्गापर्यंत सगळ्यांची नोंद ‘हायवे’ या एकाच खात्यात होते. पायऱ्या असल्या तरी खाते हायवेच, पोटखाते ‘स्टेप्स’. कोकणातल्या ज्या पाखाडीवरून गणपती डोक्यावर घेऊन जपून उतरावे लागते, तिला हायवे करायला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही. पोटखात्यात पायऱ्यांऐवजी ‘निवासी रस्ता’ निवडला की पुढच्या चतुर्थीला मुंबईची गाडी त्यावरून थेट खळ्यात उतरते.

दोन रस्ते चौकात एकमेकांना छेदतात तिथे दोघांत एक सामाईक बिंदू द्यावा लागतो. तो गाळला तर ॲपच्या समजुतीने एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि चौकात वळायची सोय राहत नाही. समोर दिसणाऱ्या दुकानात जायला मग तीन किलोमीटरचा फेरा पडतो. महापालिकेला उड्डाणपूल उभारायला वर्षे लागतात, इथे नुसत्या आळसाने तो उभा राहतो. एकदिशा मार्गाचेही तसेच. दिशा ठरते ती रेघ तुम्ही कुठल्या टोकाकडून ओढली त्यावर. तेव्हा ज्या टोकाला आपले घर असेल तिथून ओढायला घ्यावी. जवळात जवळचा मार्ग शोधण्याची एक पद्धत एड्सगर डायक्स्ट्राला १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या कॅफेत कॉफी पिता पिता वीसेक मिनिटांत सुचली होती. पद्धत बिनचूक आहे. पण ती बिचारी तुमच्या रेघेवर विश्वास ठेवून चालते, त्यामुळे जिंकते रेघ.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी आपला ट्रॅक नोंदवून इतरांना द्यावा, हे तर पुण्यकर्म मानले जाते. समजा बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलात आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरलात. नोंद घरून निघतानाच सुरू करावी आणि घरी पोहोचल्यावरही बंद करायला विसरावे. माळशेज घाटातली एसटी ट्रॅकमध्ये आली की चढाईचा सरासरी वेग ताशी वीस किलोमीटर दिसतो आणि लोक मानतात. ट्रॅकला कात्री लावू नये. ढोरवाटेला वाट समजून अर्धा तास गेलात आणि मागे फिरलात ती जागा, भाकरी सोडून बसलात तिथे जीपीएसने काढलेला गिरगोटा, गटातला एकजण झुडपाआड जाऊन आला ते वळण, सगळे जसेच्या तसे राहू द्यावे. पुढचा गट श्रद्धाळू असतो. तो ढोरवाटेने अर्धा तास जातो, मागे फिरतो, आणि झुडपाआडही एकेक करून जाऊन येतो. त्याच्या ट्रॅकमुळे तुमच्या ट्रॅकला दुजोरा मिळतो, आणि तिसरा गट येईपर्यंत वाट खरोखरच रुळलेली असते. नळीसारख्या अरुंद घळीत दोन्हीकडच्या कड्यांमुळे आकाश थोडे दिसते, उपग्रहांशी संपर्क तुटतो. मग सुटलेला बिंदू आणि पुन्हा सापडलेला बिंदू ॲप सरळ रेघेने जोडते, मध्ये कातळ असला तरी. तीही रेघ पुसू नये. आजोबांच्या काळी माणूस रानात गरगरत राहिला की त्याला चकवा लागला म्हणत आणि दोष कोणाच्या नावावर टाकता येत नसे. आता चकव्याच्या फाइलीवर अपलोड करणाऱ्याचे नाव असते.

गल्लीतून परकी वाहने जाऊ नयेत असे वाटत असेल, तर बर्लिनकडे पाहावे. सायमन वेकर्ट या कलावंताने ९९ जुने स्मार्टफोन छोट्या गाड्यात भरून तो मोकळ्या रस्त्यावरून ओढत नेला, आणि गूगलच्या नकाशावर तो रस्ता लाल झाल्याचे २०२० साली जगाला दाखवले. आपल्याला इतके फोन जमवायला नकोत. एक मध्यम वरात पुरते, आणि तिच्यातली कोंडी खरीही असते.

शेवटी, कोणी येऊन म्हणाले की तुम्ही खूण केली आहे तिथे काहीच नाही, तर काय करावे? घाबरू नये. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल ड्राफ्टिंग या नकाशा कंपनीच्या ओटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट आल्पर्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका कच्च्या तिठ्यावर ‘ॲग्लो’ नावाचे गाव छापले. गाव नव्हतेच. दोघांच्या आद्याक्षरांचा खिचडा करून नाव बनवले होते, नकाशा कोणी चोरला तर कळावे म्हणून. पुढे रँड मॅकनली कंपनीच्या नकाशावर ॲग्लो दिसले. चोर सापडला म्हणून हे सरसावले, तर समोरून उत्तर आले की गाव आहे, तिथे ॲग्लो जनरल स्टोअर आहे. आणि खरेच होते. दुकानदाराने नाव नकाशात पाहिले आणि दुकानाला देऊन टाकले. दुकान पुढे बंद पडले, पण गाव २०१४ पर्यंत गूगलच्या नकाशावर होते.

तेव्हा आपल्या भागातल्या एखाद्या मोकळ्या माळावर ‘सुवर्णतेज नगर’ अशी खूण करून ठेवावी आणि धीर धरावा. पुण्याच्या आसपास फार वाट पाहावी लागत नाही. आधी चहाची टपरी येते, मग प्लॉटवाल्या एजंटाचा बोर्ड, मग सहा आसनी रिक्षावाला ‘नगर, नगर’ म्हणून ओरडू लागतो. पाटी रंगवायला देताना पेंटरला एवढेच सांगावे की नाव नकाशात पाहून लिही. अंगठा घसरून तिथे ‘सुवर्णतेल नगर’ पडले असेल, तर सुवर्णतेल नगर.