पान पडताच काडी ओढणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

शिशिर सरत आला. सातारा-सांगलीकडच्या बागवेड्या माणसांचे वर्षातले सगळ्यात आशेचे दिवस हेच. जानेवारीत छाटलेल्या मोगऱ्याला पोपटी फूट आली आहे. भेंडी, गवार, काकडीच्या बिया आळ्यांत पडल्या आहेत. कढीपत्त्याला नवे तुरे आले आहेत. पिंपळाची तांबूस पालवी उन्हात चमकते आहे आणि डोंगरउतारांवर पांगारा पेटला आहे. पेटायचं ते एवढंच, असं आम्ही समजत होतो. पण तुमची तत्परता अशी, की पान खाली पडायचा अवकाश, सकाळी सकाळी अंगण झाडून ढीग केलात आणि लावली काडी!

तुम्ही जाळता तो कचरा नव्हे. आंब्याखालचा पालापाचोळा एकदा हाताने बाजूला सारून बघा. वरची पानं कुरकुरीत, त्याखालची ओलसर, त्याच्याही खाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली. तिच्यावर बुरशीचे पांढरे धागे, आणि बोट घातलं तर गार, भुसभुशीत माती. एखादं गांडूळ अंग चोरून आत जातं. मार्चच्या उन्हात मुळांना सावली देणारं, पाणी धरून ठेवणारं हे पांघरूण झाडाने स्वतःच अंथरलेलं असतं. तुम्ही ते जाळता आणि चार दिवसांनी नर्सरीतून खताची पिशवी विकत आणता. तुमच्या ढिगाच्या धगीने शेजारच्या आंब्याचा खालचा मोहर करपला, तो मी बघितला आहे. त्या फांदीच्या कैऱ्या यंदा गेल्या.

डोंगरावर आणि शेतातही काडी तुमच्याच जातकुळीची. सातारच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात वणवे लागतात, आणि ते बहुतेक माणूसच लावतो. गवत जाळलं की नवं जोमदार येतं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गवत येतं ते पावसाने. जळतात ती कोवळी रोपं, सरडे आणि जमिनीवरची घरटी. आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्याला लागते. त्याच उतारांवर कुणीतरी खांद्यावरून पाण्याचे कॅन वाहून रोपं जगवलेली असतात. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर आठवा. ओसाड डोंगरावर झाडं लावून, प्राणी आणून माणसांनी उभं केलेलं ते जंगल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं आणि 1985 मध्ये ते अभयारण्य झालं. असं रान वाढायला दशकं लागतात, जळायला एक दुपार पुरते.

आणि उसाचं पाचट? हेक्टरी 8 ते 10 टन निघतं. त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब. साताऱ्याच्याच फलटण तालुक्यातल्या पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. कृषी खातं घसा कोरडा करून सांगतं, पाचट सरीत दाबा, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाका, खोडव्याला पाणीही कमी लागेल. तरीही कृष्णाकाठी फड तुटला, की संध्याकाळी आभाळ काळं होतं आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचा पाऊस पडतो.

कायदा माहीत नसेल तर तोही सांगते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. राखीव जंगलात आग लावणं तर 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हाच आहे.

मला तुमचा दंड नको, तुमचा पाला हवा आहे. अंगणाच्या कोपऱ्यात चार विटा रचा, पाला दाबून भरा, अधूनमधून पाणी शिंपडा, मूठभर शेण टाका. पावसाळा सरता सरता काळंभोर खत हाताशी येईल. तेवढाही उरक नसेल, तर झाडून ढीग करून ठेवा. पोती घेऊन मी येते. माझ्या वांग्यांना, मोगऱ्याला तो पुरून उरेल, आणि तयार झालेल्या खतातलं अर्धं तुमच्या दारात आणून ठेवीन.

काडी मात्र चुलीपुरतीच ठेवा.

तुमच्या धुराखाली बाग करणारी,
एक शेजारीण