काम न संपवता पूर्ण वर्तमानकाळ कसा वापरावा

केलेल्या कामाचा हिशेब आजच्या तारखेला देण्यासाठी इंग्रजीत दोन काळ आहेत. पूर्ण वर्तमानकाळात माल दाखवावा लागतो. चालू पूर्ण वर्तमानकाळात नुसता घाम दाखवला तरी भागते. एवढे ज्याला कळले त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. नोकरदारांनी मात्र वाचावे.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी रिपोर्टचे विचारले, की काही भाबडे जीव ‘आय हॅव रिटन द रिपोर्ट’ असे ठोकून देतात. हे धाडस करण्यापूर्वी रिपोर्ट खरोखर लिहिलेला असावा, कारण साहेबांचे पुढचे वाक्य ‘मग पाठवा’ हेच असते. त्याऐवजी चेहरा किंचित ओढून ‘आय हॅव बीन रायटिंग द रिपोर्ट’ म्हणावे. कोऱ्या पानावर शीर्षक टाकून दोन ओळी खरडल्या असल्या, तरी व्याकरण तुमच्या बाजूने साक्ष देते. काम संपले का, याच्याशी या काळाला देणेघेणे नाही. ते चालू होते, एवढेच तो सांगतो. शेवटी ‘ऑल वीक’ जोडल्यास सहानुभूतीही पदरात पडते. पथ्य एकच: आकडा उच्चारू नये. किती वेळ चालले, हे चालू पूर्ण सांगतो; किती नग झाले, हे विचारले की ‘आय हॅव रिटन थ्री रिपोर्ट्स’ असे साध्या पूर्णातच सांगावे लागते, आणि मग तिन्ही टेबलावर ठेवावे लागतात.

या काळाचा आदर्श नमुना पाहायचा तर पनवेलहून कोकणात उतरावे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ‘दे हॅव बीन वायडनिंग द हायवे सिन्स २०११’ हे वाक्य गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याने वर्षानुवर्षे एक अक्षर न बदलता वापरले. ‘हॅव वायडन्ड’ म्हणण्याची चिंता त्याने करू नये. ते फीत कापणारे म्हणतील.

या वाक्यातले ‘सिन्स’ नीट पाहावे. त्याला मुहूर्त लागतो: २०११, सोमवार, लग्न झाल्यापासून. ‘फॉर’ला मुदत लागते: दहा वर्षे, दोन तास. आपण दोघांनाही ‘पासून’च्या दावणीला बांधतो आणि ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ म्हणून एकाच वाक्यात दोन गुन्हे करतो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स’ म्हणावे आणि सुटावे.

पालकांसाठी खास सूचना. मुलगा उशिरा घरी आला आणि कॉलरला सिगारेटचा वास आला, तर ‘हॅव यू स्मोक्ड?’ विचारू नये. त्याचा अर्थ आयुष्यात कधी ओढली आहेस का, असा होऊ शकतो आणि चर्चा तत्त्वज्ञानाकडे वळते. ‘हॅव यू बीन स्मोकिंग?’ विचारावे. कृत्य नुकतेच थांबले, खूण मागे उरली, अशा वेळी हाच काळ लागतो. भिंत रंगवणाऱ्याच्या शर्टावरचा रंग, रडून लाल झालेले डोळे, सगळे याच खात्यात.

ओळख, विश्वास, मालकी यांना मात्र घाम येत नाही. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ म्हणू नये. ‘आय हॅव नोन हिम’ पुरे.

‘यस्टरडे’ वाक्यात शिरला, की दोन्ही काळांनी मुकाट्याने बाहेर पडावे. मराठीत ‘मी त्याला काल पाहिले आहे’ खुशाल चालते, म्हणून आपण फसतो. नील आर्मस्ट्राँगने २० जुलै १९६९ रोजी चंद्रावरून ‘द ईगल हॅज लँडेड’ कळवले, तेव्हा यान तिथे उभेच होते, म्हणून ‘हॅज’. आज तारीख घालून सांगताना तुम्हाला ‘लँडेड’वरच समाधान मानावे लागेल. (अमेरिकन माणूस जेवलास का, हे ‘डिड यू इट यट?’ असेही विचारतो. त्याचे अनुकरण परीक्षेत करू नये.)

शेवटी ‘बीन’ आणि ‘गॉन’. ‘ही हॅज बीन टू दुबई’ म्हणजे जाऊन आला, आता इथेच आहे. ‘ही हॅज गॉन टू दुबई’ म्हणजे गेला तो अजून तिकडेच. इंग्रजी बोलणारा वसुलीवाला दारात उभा राहिल्यास न चुकता ‘गॉन’ वापरावे. त्या वेळी घरधन्याने आतून खोकू नये.