राणी म्हणता, मग तालीमही करू द्या

झाशीत एखादीच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की गोतावळा दोन कामं करतो. तिला खाटेवर निजवतो आणि वर सांगतो, ‘तू झाशीची राणी आहेस, लढशील!’

राणीचं नाव घेता, तर तिचा दिनक्रमही आठवा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत झाशीत राहिले होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी बाईसाहेबांचा मल्लखांब आणि घोड्यावरची रपेट नोंदवून ठेवली आहे. अंगात बळ आधीच कमावलेलं होतं.

बायोप्सीचा रिपोर्ट आणि पहिला उपचार यांच्यात काही आठवडे सहज जातात. आधी इथलं मेडिकल कॉलेज, मग ग्वाल्हेर, नाहीतर पंजाब मेलने मुंबई गाठून टाटा. पुन्हा स्कॅन, टूडी एको, तारखा. तेवढ्यात बाई काळजीनं खंगते, अन्न टाकते. उपचाराची तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका. पण मधला वेळ तिच्या शरीरासाठी वापरा.

डॉक्टरांना विचारून रोज चालायला न्या. खांद्याचे व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकवा. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो आणि रेडिएशनच्या वेळी तोच हात डोक्यावर धरून निश्चल पडावं लागतं. हिमोग्लोबिन आणि साखर तपासा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यात केमोनं रक्त आणखी उतरतं. ताटात डाळ, दूध, पनीर, चालत असेल तर अंडं वाढा. ‘हे बंद, ते बंद’ सांगणाऱ्या शेजाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. तंबाखू सोडवा. केमोआधी दात दाखवून घ्या, कारण नंतर तोंड सोलवटतं आणि किडलेल्या दातातून जंतुसंसर्ग होतो.

यातलं काहीच महागडं नाही. लागतो तो कुणाचा तरी अर्धा तास आणि एक लेखी कागद. ज्या टेबलावरून कॅन्सरचं निदान हातात पडतं, त्याच टेबलावरून आहार, व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टची तारीख लिहिलेला कागदही मिळायला हवा. हे रुग्णालयाचं काम आहे, दानधर्म नव्हे. कुणी आपणहून देत नसेल, तर मागा. मिळेपर्यंत टेबलासमोरून उठू नका.