उन्हाचा सेवाखंड

शीत कटिबंधातील राष्ट्रांत मनुष्य सेवानिवृत्त झाला की हाडांना ऊब मिळावी म्हणून फ्लोरिडादी उष्ण प्रदेशांकडे प्रस्थान ठेवतो आणि तेथील आप्तेष्टांच्या अंगणात खुर्ची टाकून प्रकृती सुधारीत बसतो, असे आम्ही ऐकून आहो. आमच्या परिचयाच्या एका पुणेकर दांपत्याने गेल्या उन्हाळ्यात हाच शिष्टसंमत मार्ग अनुसरला. फरक एवढाच की महिना मे होता, आणि हवापालटासाठी निवडलेले स्थळ मुक्ताईनगर होते. तेथे पत्नीचे धाकटे बंधू केळीचे बागायतदार आहेत. जुनी मंडळी गावाला अजून एदलाबाद म्हणतात. ऊन मात्र दोन्ही नावांना सारखेच आहे.

गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ज्याने उभी नोकरी इतरांच्या अर्जांवर ‘पुरावा जोडलेला नाही’ असा शेरा मारण्यात व्यतीत केली, त्यालाच दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन, यादीतील आपल्या नावापुढे सही करून, आपण अद्याप हयात असल्याची खात्री सरकारास पटवावी लागते, हा दैवाचा न्याय त्यांनी शांतपणे पत्करला आहे. शनिवारी सकाळी भुसावळला उतरताच त्यांनी उष्म्याविषयी पहिली तक्रार तोंडी रुजू केली. मेहुण्यांनी ती दफ्तरी दाखल केली आणि खापरावरचे मांडे व आमरस पुढे केला. रात्री फौजदारी डाळ होती. जन्मभर महसुली कामात मुरलेल्या त्या उदरावर फौजदारी खात्याने जी कारवाई केली, तिचा तपशील येथे देणे प्रशस्त नव्हे. त्यानंतर धाब्यावर अंथरूण पडले, आणि मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या धाब्याने दिवसभराचे ऊन व्याजासह परत केले.

तत्पूर्वी सायंकाळी मंडळी कोथळीस मुक्ताईचे दर्शन घेऊन तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवास गेली होती. चांगदेव चौदाशे वर्षे जगले अशी आख्यायिका आहे. ती ऐकून आमचे पेन्शनर सद्गदित झाले. कारण चौदाशे नोव्हेंबर आणि तितक्याच सह्या त्यांच्या दृष्टीपुढे उभ्या राहिल्या. ज्ञानेश्वरांस काय मायना लिहावा, वयाने लहान म्हणून चिरंजीव की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप, याचा उलगडा न झाल्याने चांगदेवांनी कोराच कागद धाडला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळविल्या, हेही त्यांना सांगण्यात आले. कोऱ्या अर्जावर इतका सविस्तर निकाल कोणत्याही कचेरीतून निघाल्याचे आपल्या स्मरणात नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला.

आता खरा मामला. पाहुणा ‘हुश्श’ म्हणून आभाळाकडे पाहतो तेव्हा त्यास ढग हवा असतो. यजमान आभाळाकडे पाहतात तेव्हा त्यांस तो नको असतो, हे पाहुण्यांच्या ध्यानी यावयास वेळ लागला. केळीस हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. बागेत झळांनी पाने करपली, घड सटकले, कडेला लावलेली हिरवी जाळी भाजून निघाली, तरी ते ऊन खाजगी स्वरूपाचे समजले जाते. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीत पारा ठरलेल्या अंशांवर चढला, आणि ठरलेले दिवस सलग तेथेच राहिला, म्हणजे मग ते सरकारमान्य होते. मध्येच एक दिवस तो अर्ध्या अंशाने जरी खाली आला तरी मागचे सारे भाजणे हिशेबातून बाद. तात्पर्य, ज्या उन्हाने बाग जाळली त्याच उन्हाने आणखी थोडे जाळावे म्हणून शेतकऱ्याने देव पाण्यात घालून बसावे, अशी ही लोककल्याणकारी तजवीज आहे. थंडीच्या दिवसांत हीच प्रार्थना उलट दिशेने करावयाची असते.

सलगतेचा अखेरचा दिवस नेमका रविवारी होता. आणि त्याच रविवारी दुपारी ईशान्येकडून ढग आले, वारा सुटला, चार टपोरे थेंबही पडले. पाहुणे अंगणात येऊन ‘वा! काय प्रसन्न हवा!’ असे उद्गारले. मेहुण्यांनी मोबाइलवरील आकडा पाहिला आणि पाहुण्यांच्या मानमर्यादेस शोभेल अशा मृदू स्वरात ते एवढेच म्हणाले, “दाजी, तुमचा पायगुण जबरदस्त हाय बुवा.”

येथे गृहस्थांमधील निद्रिस्त अव्वल कारकून जागा झाला. त्यांनी चष्मा पुसला, कागद मागविला, समास सोडला आणि कैफियत लिहावयास घेतली: की सदरहू उन्हाने यापूर्वीचे सर्व दिवस अखंड व सचोटीने चाकरी बजावलेली असून, रविवार हा साप्ताहिक सुटीचा वार असल्याकारणाने त्या दिवशीची त्याची गैरहजेरी किरकोळ रजा समजण्यात यावी, आणि कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सेवाखंड क्षमापित करण्याची जी तरतूद शासनदरबारी आहे, तिचा लाभ उन्हासही देण्याची मेहेरबानी व्हावी. मसुदा निर्दोष उतरला. मेहुण्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “पन द्याचा कोनाले?”

विमा कंपनीस, कृषी खात्यास, जिल्हाधिकाऱ्यांस की हवामान केंद्राच्या खांबास, याचा निर्णय परतीच्या गाडीची वेळ झाली तरी होईना, आणि ‘प्रति’ या शब्दापुढची जागा रिकामीच राहिली. इतका वेळ पिशवीत बिबडे व पापड भरीत बसलेल्या ताईंनी मग तोड काढली : “मी म्हणते, सारा कागद कोराच धाडा. चांगदेवांना निदान उत्तर तरी आलं होतं.”